राख विकत घेणारी भट्टी

देवळाबाहेर कुणी नारळ फोडला की इतक्या वर्षांनंतरही मला होटगीच्या वाटेवरची ती पत्र्याची शेड आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण मनाला लागून राहिली ती ही केस, जिच्यात रक्ताचा थेंबही सांडला नव्हता. नावं मुद्दाम देत नाही. त्यातले बरेच जण आता हयात नाहीत, आणि त्यांची नातवंडं सोलापुरातच सुखाने नांदताहेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता आणि मी सोलापुरात फौजदार होतो. आमच्या क्वार्टरच्या मागे एका वयस्कर तेलुगू विणकराचे दोन यंत्रमाग होते. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. सकाळी त्यांचे माग सुरू झाले की आमच्या फळीवरचे पितळी डबे थरथरायचे. बायको कुरकुर करायची, पण माहेरी गेली की त्या आवाजावाचून तिलाच झोप यायची नाही. वीजकपातीचे दिवस होते. माग अर्ध्या चादरीवर थांबायचे, विणकर ओट्यावर येऊन बसायचे आणि गल्ली एकदम मुकी व्हायची. ती शांतता आम्हालाही खायला उठायची.

अशा वेळी तो गृहस्थ गावात आला. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ. कोळशापासून गॅस, गॅसवर इंजिन आणि इंजिनवर वीज, अशी त्याची योजना होती. विणकरांच्या ओट्यावर मांडी घालून तो ती समजावून सांगायचा. होटगी जंक्शन असल्यामुळे मालगाडीच्या कोळशाने भरलेल्या वाघिणी दाराशी येणार. बॉयलरमध्ये कोळसा नुसता जाळला तर निम्मी ताकद धुराड्यातून जाते, गॅस केला तर तीच कामाला येते. वर डांबर निघतं, तेही विकता येतं. बंद पडलेल्या मागाचा रोजचा तोटा आपल्या कंपनीच्या शेअरच्या किमतीशेजारी मांडून तो म्हणायचा, "अण्णा, वीज तुमच्या मालकीची झाली तर माग कोण थांबवणार?" प्रश्न ऐकून लोक माना डोलवायचे. खरं सांगायचं तर मीही डोलवली.

होटगीच्या वाटेवर त्याने उभारलेल्या शेडचं उद्घाटन होतं. कुठलंही नवं काम सुरू करताना ठाण्याच्या साहेबाला बोलवायचं आणि नारळ त्याच्या हातून फोडायचा, ही आपल्याकडची रीत. मीही गणवेशात गेलो, फेटा बांधून घेतला, नारळ फोडला. समोर पुरुषभर उंचीची लोखंडी भट्टी धगधगत होती. तिच्यातून निघालेला जाड पाइप इंजिनाला जोडला होता. एका बाजूला कोळशाची पोती, दुसऱ्या बाजूला राखेचा ढीग. इंजिन धडधडलं आणि कपातीच्या वेळेत, भर दुपारी, शेडमधले दिवे लागले. विणकरांनी टाळ्या वाजवल्या. कोळशाच्या धुरात डिझेलचा वास मिसळला होता का, हे मी हुंगून पाहिलं नाही. फेटा बांधलेला माणूस असलं काही हुंगत नाही.

चार दिवसांनी अण्णा भिंतीपलीकडून म्हणाले, "साहेब, घालू काय पैसे? तुमी बगितलाव की."

मी म्हणालो, "अण्णा, दिवा तर माझ्यासमोर लागला."

पुढच्या आठवड्यात भिंतीपलीकडून एकाच मागाचा आवाज येऊ लागला. एक माग विकून त्यांनी शेअर घेतले होते.

महिना-दीड महिना असाच गेला. एके दिवशी सकाळी स्टेशन डायरी पाहत असताना आमच्या हवालदाराने एका बाईला पुढे उभं केलं. पन्नाशीची, हातापायांना काजळी, डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर पाटी. होटगीच्या रेल्वे यार्डाजवळ इंजिनांच्या राखेतून अर्धा जळका कोळसा वेचून ती तो चुलीसाठी विकायची. सगळे तिला मावशी म्हणत. हवालदाराला वाटलं, कोळशाची चोरी सापडली. त्याने पाटी रिकामी केली तर आत नुसती राख.

मी हसून विचारलं, "मावशी, राख चोरली होय?"

"चोरतीया कशाला, साहेब? राखंला कोण इचारतंय? त्या ग्यासच्या शेडवाल्याला देती. रोज धा पाट्या घेतोय की."

"त्याला कशाला राख? भांडी घासायला?"

"मला काय ठावं? पर भट्टी लई हुशार हाय त्याची. कोळसा खाती आन राख टाकत न्हाय."

हवालदार हसला. माझं हसू मात्र तिथेच थांबलं. रोज पोतंभर कोळसा जाळणारा माणूस राख विकत का घेईल? मावशीला चहा पाजला, जबाब लिहून घेतला आणि अंगठा उमटवून घेतला. तिला तसंच सोडलं तेव्हा हवालदार जरा खट्टू झाला.

घरी जेवायला गेलो तर अण्णा ओट्यावर बसलेले. दुसऱ्या मागाचंही गिऱ्हाईक ठरलं होतं, गुरुवारी ते माग उचलून नेणार होतं. तो दिवस मंगळवार. तो माग गेला असता तर अण्णांच्या घरात सहा माणसांना हाताला काम उरलं नसतं. मी त्यांना एवढंच म्हणालो, "गुरुवारी नको. माझ्यासाठी चार दिवस थांबा."

"का हो साहेब? तुमीच तर नारळ फोडलाव," ते म्हणाले. मी न जेवताच ठाण्याकडे वळलो.

त्याच दुपारी त्या गृहस्थाला चौकशीसाठी बोलावलं. दरडावून काही होणार नव्हतं. बोलण्यावर जगणाऱ्या माणसाला गप्प बसवू नये, बोलू द्यावं, हे मी माझ्या जुन्या वरिष्ठांकडून शिकलो होतो. त्याने सगळी योजना पुन्हा सांगितली, तीही इतकी गोड की आमचा रायटर लिहायचं विसरून ऐकत बसला. शेवटी मी सहज विचारलं, "एका पोत्याला राख किती पडते?"

"चार-पाच घमेली."

"मग ती कुठं जाते? आणि वर दहा पाट्या विकत कशाला घेता?"

त्याने पाणी मागितलं.

बुधवारी सकाळी दोन पंच घेऊन शेडवर गेलो. इंजिन सुरू करायला लावलं आणि भट्टीकडून येणारी झडप मी स्वतःच्या हाताने बंद केली. गॅस तुटला, इंजिन मात्र तसंच चालू राहिलं. दिवेही फडफडले नाहीत. झडपेच्या पुढे, इंजिनाजवळ जाड पाइप उघडला तेव्हा आत बोटभर जाडीची तांब्याची नळी निघाली. ती भिंतीपलीकडच्या डिझेलच्या टाकीला जोडली होती. भट्टीत नुसती लाकडं धुमसत होती, कोळशाची पोती तशीच शिवलेली, आणि बाजूचा राखेचा ढीग मावशीच्या पाट्यांतला. पंचनामा केला, इंजिन आणि टाकी मुद्देमालात घेतली, फसवणुकीचा गुन्हा दाखल केला.

जबाब देताना तो रडला. एका कारखान्यात त्याने खरोखरच गॅसच्या भट्टीवर काम केलं होतं. इथली भट्टीही आधी चालली होती, पण गॅसमधल्या डांबराने दोनदा इंजिन चोंदलं. "लोक बघायला यायचे होते, साहेब. एकच दिवस डिझेल घालू म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट लोक आले." मला तेव्हा त्याची कीव आली आणि रागही आला, आजही दोन्ही येतात. पॉलिटेक्निकच्या एका मास्तरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, कोळशाच्या गॅसवर वीज होते, योजना काही खोटी नाही, पण गॅस धुवून त्यातलं डांबर काढायचा खर्च यात कुणी धरलेलाच नाही.

शिक्षा झाली. पैसे कोर्टामार्फत बऱ्याच जणांना थोडेफार मिळाले, काहींना मिळाले नाहीत. अण्णांचा दुसरा माग वाचला. पहिल्याच्या जागी जुनाच एक माग उभा करायला त्यांना तीन वर्षं लागली. तो बसवला त्या दिवशी ते स्वतः बोलवायला आले. "साहेब, नारळ तुमीच फोडायचा."

मी म्हणालो, "येतो. पण नारळ दुसरं कुणीतरी फोडेल." आणि हवालदाराला होटगीला पाठवलं.

मावशी धुतलेलं लुगडं नेसून आली. बाईमाणसाच्या हातात नारळ पाहून दोघे-तिघे कुजबुजले. अण्णांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि मावशीला मागापुढे उभं केलं.

या केसने काय शिकवलं, असं मला व्याख्यानात विचारतात. नफ्याचे प्रश्न सगळ्यांनी विचारले होते, मागे काय उरतं हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत गणवेशात मी कुणाच्याही दुकानाचा, कारखान्याचा नारळ फोडला नाही. लोक मला शिष्ट म्हणायचे.

मावशीने त्या दिवशी नारळ आधी कानाशी नेला, हलवून पाहिला. "पाणी हाय," ती म्हणाली आणि मग फोडला. अण्णांनी बटण दाबलं, दोन्ही माग एका लयीत सुरू झाले आणि आमच्या घरात फळीवरचे डबे वाजू लागले. मी माझ्या हाताकडे पाहत उभा होतो. होटगीच्या त्या शेडवर मी नारळ हलवून पाहिला नव्हता.