दोडक्याच्या मांडवाखालचं भांडं

हे मी कोणालेच सांगितलं नाई. पोराले नाई, देवालेही नाई — देवापुढं उभी राह्यली की दुसरंच काही मागून मोकळी होते. तुम्ही दूरचे, म्हणून तुम्हाले सांगते. जमेल तसं लिहिते.

आमचं गाव आरमोरीकडचं, जंगलाले लागून. विद्यापीठ अन् हवामान खातं मिळून पावसाचा अभ्यास करून राह्यले, त्यात गावोगावी पाऊस मोजायची भांडी दिली. आमचं भांडं विद्यापीठाच्या मॅडमनं माझ्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, रोवलं — वर झाड नाई, छप्पर नाई, उघडं आभाळ. रोज सकाळी पाणी किती जमलं ते पाहून फोनवर कळवायचं. त्यावरून नाल्याच्या पुराचा निरोप गावाले आधी मिळणार. मी शाळा पाह्यली नाई, पोराच्या पुस्तकावरून अक्षरं शिकली. अन् लोक मले पाऊसवाली बाई म्हणायले लागले! फुगली मी. खोटं काऊन बोलू?

मग धुऱ्यापाशी वाघानं बैल मारला. गवतातून एकटं चालताना मागं पाहायचीही हिंमत होत नाई — असं भेव तुम्हाले कधी लागलं का? एका दुपारी थाळी वाजवत गेली, भांडं उपटलं अन् घरामागं सांदवाडीत दोडक्याच्या मांडवाखाली रोवलं. तिथं कोणी येत नाई. मॅडम यायच्या आधी फोन करत. मग पुन्हा थाळी वाजवत भांडं धुऱ्यावर. त्या म्हणत, "मावशी, सगळ्यात नीट भांडं तुमचंच." मी हसे.

मांडवाखाली पाऊस किती पडणार? उघड्यावरची बादली भरून वाहे, अन् भांड्यात बोटभर. मले दिसत नव्हतं का? दिसत होतं. बोटभरच कळवत होती.

आता ते सांगते — सांगतेच.

धानाच्या रोवणीचे दिवस. रातभर पाणी. सकाळी मी बोटभर कळवलं, थोड्या वेळानं निरोप आला — नाल्याले धोका नाई. तेवढ्यात देवका आली, डोक्यावर प्लास्टिक घेऊन. आम्ही दोघी एकाच वर्षी नवऱ्या होऊन या गावात आलो, घराले घर लागून.

"काऊन वो पाऊसवाली, रपट्यावरून जाऊ का पलीकडं? का घरीच बुढ्याचं तोंड पाहत बसू?" हसली. "तुझा फोन का म्हंते?"

नाल्यावरचा आमचा रपटा म्हणजे बुटका पूल, पाणी लवकर चढते. मी बादली पाह्यली होती. थांब म्हणायले तोंड उघडलं — पण ती विचारेल, काऊन? मग सांदवाडी निघेल, भांडं निघेल, मॅडमले समजेल…

"जाय," मी म्हटलं. "धोका नाई म्हंते."

वाघाचं भेव होतं म्हणून भांडं हललं, हे खरं. पण त्या घडीले वाघ कुठी होता? ओसरीत आम्ही दोघीच होतो.

पाण्यानं तिले रपट्यावरून ओढलं. खाली बाभळीत अडकली, लोकांनी दोर टाकून काढलं. जीव राह्यला, कंबर गेली.

ते ऐकल्यावर पहिलं काम मी काय केलं? भांडं धुऱ्यावर नेलं.

मॅडम आल्या. देवकाच्या खाटेपाशी खाली बसल्या, हात जोडले. "मावशी, आमचा अंदाज चुकला."

"तुमी का आभाळात बसल्या हा का, बाई?" देवका म्हणाली. "अनसू, च्या दे वो यायले."

मी च्या दिला. भांड्याचं सांगितलं नाई. तेव्हाही नाई.

माझे खोटे आकडे अजून त्यांच्या अभ्यासात आहेत. अन् गाव आता फोनचा निरोप आला की हसते — याच्याच भरवशावर देवका गेली होती, म्हणतात. खरा धोक्याचा निरोप आला तरी रपट्यावर पाय टाकतात. मी दारात उभी राहून ओरडते, "नोका जाऊ!" कोण ऐकते?

भांडं धुऱ्यावरच आहे. मी वाघाले भेते हे देवकाले माहीत आहे, म्हणून रोज सकाळी ती हाक मारते. काठी घेऊन, वाकडी वाकडी, माझ्या पुढं चालते. गवतावर काठी आपटते. "ये वो, मी हाव न."

अन् मी तिच्या मागं मागं जाते.