आबांच्या खाडीतली घोळ

"आमच्या खाडीत माणसाएवढी घोळ यायची."

लग्नाला बारा वर्षं झाली, तेव्हापासून सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, हे ऐकतेय आणि हसतेय. ती खाडी मी पाहिलीय हो! ओहोटीला गुडघाभर चिखल, त्यात बोटाएवढी मासळी; घोळीसारखा मोठा मासा तिथे कुठला? गेल्या महिन्यात आबा इथे नाशकात, आमच्या सातपूरच्या शेजाऱ्यांना तेच सांगत होते. मी मध्येच म्हणाले, "आबा, पुरे आता." त्यानंतर त्यांनी मासळीचं नावच काढलं नाही. माझंच बोलणं मला फार लागलं.

म्हणून गावाहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला, की संशोधक खाडीकाठचं जुनं टेकाड उकरतायत आणि माशांची जुनी हाडं निघतायत, तेव्हा मीच गाडी काढली.

नाशिकहून सकाळी सहाला निघालात तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, मनोर करत अकरा-साडेअकराला पालघरपलीकडे आबांच्या गावी पोचता. घाटातली वळणं जीव काढतात, मळमळणाऱ्याला पुढे बसवा. जव्हारला पोटभर मिसळ खाऊन घ्या. आबा वाटभर गप्प होते.

टेकाडावर पुण्याची एक संशोधक मुलगी चाळणीत माती धूत होती. तिने ट्रे पुढे केला. त्यात पांढरे खडे. काही चिंचोक्याएवढे, काही तूरडाळीएवढे.

"घोळीच्या डोक्यातले," आबा लगेच म्हणाले.

"हो, माशांच्या कानात असे खडे असतात," ती म्हणाली. "मोठे घोळीचेच, शेकडो वर्षांपूर्वीचे. पण ती खोल समुद्रातून आणली असेल. बारीक खडे दुसऱ्या माशाचे वाटले, म्हणून बाजूला ठेवलेत."

आबांनी चष्मा पुसला. एक बारीक खडा मोठ्याशेजारी ठेवला. "खाच बघ, पोरी. तीच आहे ना? ही पिल्लं. घोळीची पिल्लं भर दर्यात मिळत नाहीत, खाडीत वाढतात. मोठीही आत यायची. मग गाळ भरला, आणि संपलं."

तिने भिंग लावलं. बराच वेळ एकेक खडा पालथा करून पाहिला. "नीट तपासावं लागेल. पण आजोबा, तुमचं बरोबर दिसतंय. खाडी तेव्हा चांगली खोल असणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आबा, चुकलं माझं," म्हणाले.

"भूक लागलीय," ते म्हणाले.

पुतण्याकडे बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवलो. परतीच्या वाटेवर जव्हार सोडल्यापासून आबांचं तोंड बंद नव्हतं.

सोबत काहीच आणलं नाही. खडे तिथेच, त्या ट्रेमध्ये राहिले. रविवारी शेजारी चहाला आले. मीच म्हणाले, "आबा, ते घोळीचं सांगा ना."

आबांनी सांगितलं. या वेळी घोळ माणसाहून वीतभर लांब झाली होती. मी हूं की चूं केलं नाही.