पार्वताबाईंच्या कपाटाची किल्ली

"तिसरं कपाट उघड," मी मंगलला म्हणाले.

"त्याची किल्ली न्हाई मॅडम."

"हरवली?"

"आण्णांकडं हाय. आन् आण्णा अळकुटीच्या बाजाराला गेलेत."

"मग चौथं उघड."

चौथ्याची किल्ली चाकणला कंपनीत असलेल्या एका मुलाकडे होती आणि तो दिवाळीला येणार होता. पाचव्याची किल्ली ज्या सूनबाईंकडे होती, त्या माहेरी गेल्या होत्या. ट्रेनिंगचा पहिला दिवस, समोर नवा कोरा कॉम्प्युटर, आणि ज्यांची नोंद करायची ती निम्मी पुस्तकं कुलपात. मी पर्समधून बाटली काढली आणि सावकाश पाणी प्यायले. पाण्यानं माझा राग उतरतो असं आमच्या घरी समजतात. तसं काही नाही, पण तेवढा वेळ तोंड बंद राहतं.

गाव पारनेर तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण कपाटांवर ज्यांची नावं आहेत ते वारले असले तरी किल्लीवाले सगळे हयात आहेत. वाचनालय चावडीशेजारच्या दोन खोल्यांत. मी नगरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीतून रिटायर झालेली. नोकरीभर टेक्निकल सेक्शनला होते. पुस्तक दुकानातून आलं की त्याची नोंद करायची, विषय ठरवून नंबर द्यायचा, पाठीवर लेबल चिकटवायचं आणि ते वाचकाला सापडेल अशी त्याची तालिका, म्हणजे कॅटलॉग, करायची. हे सगळं आतल्या खोलीत चालतं. वाचकाला वाटतं पुस्तकं आपोआपच फळीवर जाऊन बसतात. रिटायर झाल्यावर खेडोपाडीच्या वाचनालयांना हे शिकवायला जाते. कोणी बोलावलं की निघते, आणि बहुतेक रविवारीच बोलावतात, त्यामुळे माझं चर्च बुडतं आणि पास्टरसाहेब भेटले की हसून विचारतात, यंदा कोणत्या तालुक्यात?

या गावाला घाई होती. वाचनालय सरकारी अनुदानाच्या 'ड', म्हणजे सगळ्यात खालच्या, वर्गात होतं. 'क' वर्गासाठी अर्ज गेला होता आणि पुढच्या महिन्यात तपासणी होती. सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर आणि विषयवार लावलेली दिसली तर वर्ग वाढणार होता. वर्ग वाढला तर मंगलला ग्रंथपाल म्हणून धड पगार मिळणार होता. नाही तर तिला सुप्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जावं लागणार होतं. घरच्यांनी जागा बघूनही ठेवली होती. मंगलनं ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स लेकराला मांडीवर घेऊन पूर्ण केला होता. ती हे सगळं मला हसत हसत सांगत होती, पण लेबलं कापताना तिचे हात घाईत होते.

आता कपाटांचं सांगते. गावात कोणी वारलं की घरचे लोक वाचनालयाला कपाटभर पुस्तकं देतात आणि कपाटाच्या दारावर ऑइलपेंटनं नाव लिहून घेतात, 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ'. पद्धत फार चांगली आहे. फक्त त्या कपाटात काय असेल याचा नेम नसतो. डाळिंबाच्या छाटणीला लागून भजनं, त्याला लागून तलाठी भरतीची गाईड, त्याला लागून बालसंगोपन. आणि मंगलची तालिका म्हणजे ही नावं. एक जण डाळिंबावरचं पुस्तक मागायला आला, तर ही जागेवरूनच म्हणाली, "मारुतराव बघा, खालची फळी." शाळेतल्या पोरी येऊन विचारायच्या, "सखारामबाबात गोष्टींची हायेत का ओ?" इतक्या वर्षांत मी अनेक वर्गीकरण पद्धती पाहिल्या, पण गावातल्या दिवंगतांची पद्धत पहिल्यांदाच पाहिली.

"उद्या तू रजेवर गेलीस, तर नव्या माणसाला मारुतराव कसे कळणार?" मी विचारलं.

"गावात सगळ्यांना म्हाईत हायेत की मारुतराव."

"आणि तपासणीच्या साहेबांना?"

तेव्हा तिला पटलं.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे रिटायर झालेले एक प्राथमिक शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी फोन करून करून किल्ल्या गोळा केल्या. चाकणची किल्ली एसटीच्या कंडक्टरबरोबर आली. आम्ही कामाला लागलो. मंगल हुशार होती. शेतीला सहाशेतला नंबर, मराठी साहित्याला आठशेतला, हे तिला दोन दिवसांत तोंडपाठ झालं. एकदा 'सुखी संसार' नावाचं पुस्तक हातात धरून तिनं गंभीरपणे विचारलं, "मॅडम, हे कथा-कादंबरीत टाकायचं का?" मी हसले, पण नंबर बरोबर द्यायला लावला.

तिसऱ्या कपाटाचे आण्णा शेवटी आले. डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल, बंडीच्या आतल्या खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि खुर्ची ओढून शेजारीच बसले. दारावर लिहिलं होतं, 'कै. सौ. पार्वताबाई यांच्या स्मरणार्थ'. पार्वताबाई म्हणजे आण्णांची बायको; अंगणवाडीत होत्या आणि वाचायच्या फार. बाकीच्यांनी दुकानातून एकगठ्ठा पुस्तकं आणून दिली होती, पण ही त्यांची स्वतःची, एकेक करून घेतलेली. आण्णांनी नोंदी करू दिल्या. लेबलं चिकटवू दिली. फक्त "डिंक जास्त लावू नका," एवढं दोनदा म्हणाले. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

मग पुस्तकं विषयवार लावायची वेळ आली. साहित्य सगळं पहिल्या दोन कपाटांत जाणार होतं. मंगलनं पार्वताबाईंच्या कादंबऱ्यांचा पहिला गठ्ठा उचलून पहिल्या कपाटात ठेवला, आणि आण्णा उभे राहिले.

"ते सखाराम शेळक्याचं कपाट हाय."

"होय," मी म्हणाले. "आता साहित्य तिथं राहणार."

"ज्यानं जल्मभर माझा बांध कोरला, त्याच्या फळीवर माझी मंडळी बसायची न्हाई."

मी समजवायला गेले. पुस्तक कुणाचं हे महत्त्वाचं नाही, विषय महत्त्वाचा, एका विषयाची पुस्तकं शेजारी असली की वाचकाला बरं, वगैरे. कॉलेजात हे भाषण मी कित्येक वेळा दिलं आहे आणि तिथं मुलं निमूट ऐकतात. आण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं बरूबर असंल. उद्या टेम्पो आनतो आन् कपाट घरी नेतो."

ते गेल्यावर गुरुजींचा चेहरा उतरला. त्या कपाटातली पुस्तकं गेली तर 'क' वर्गाला लागणारी संख्या भरत नव्हती. "मॅडम," ते म्हणाले, "होतं तसं ठेवू या का? प्रत्येकाचं प्रत्येकाच्या कपाटात."

"तसंच ठेवायचं होतं तर मला कशाला बोलावलंत? मी घरी कोंबडीचा रस्सा केला असता." मी जरा जोरातच बोलले. मंगल खाली मान घालून लेबलं कापत राहिली. तिनं सुप्याचं नावही काढलं नाही, पण आम्हा तिघांच्याही डोक्यात तेच होतं. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

मग मी तिला कॉम्प्युटरवर एक गोष्ट दाखवली. पुस्तकाच्या नोंदीत लेखक, प्रकाशक, पानं यांच्या खाली एक रकाना असतो, पुस्तक कोणाकडून आलं याचा. बहुतेक जण तो रिकामा सोडतात. आम्ही तिसऱ्या कपाटाच्या प्रत्येक नोंदीत तिथं पार्वताबाईंचं नाव भरलं. संध्याकाळपर्यंत काम झालं. आता पुस्तकं सात कपाटांत पसरली तरी नाव टाकलं की सगळी एका यादीत दिसत होती.

दुसऱ्या दिवशी आण्णा खरंच टेम्पो घेऊन आले. ड्रायव्हर बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता. मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं आणि मंगलनं नाव टाइप केलं. यादी उतरत गेली, उतरत गेली. आण्णांनी सगळी वाचली.

"हितं हाय," ते म्हणाले. "पर फळीवर न्हाई."

"कपाट त्यांचंच राहील आण्णा. दारावरचं नावही तसंच. फक्त आत शेतीची पुस्तकं येतील."

"तिला शेतीचा कटाळा हुता."

तेवढ्यात मंगल बोलली. इतके दिवस तिनं आण्णांपुढं ब्रही काढला नव्हता.

"आण्णा, राग मानू नका. कपाट दिल्यापासून मावशींचं एकबी पुस्तक कुनी नेलं न्हाई."

"का म्हनून?"

"किल्ली तुमच्या बंडीत. कुनी मागितलं की तुमाला बोलवायचं. तुमी येनार, उघडनार, आन् शेजारी हुभं राहून इचारनार, कुनाचा तू, हात धुतले का. पोरं पळून जात्यात ओ."

गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. आण्णा बाहेर जाऊन ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगून आले.

"ती कुनालाबी द्यायची," ते खुर्चीत बसत म्हणाले. "पुस्तक गेलं की यायचंच न्हाई. मंग उन्हातान्हाची घरोघर मागत फिरायची. मी लई चिडायचो. ती गेल्यावर म्हनलं, आता एक बी जाऊ द्यायचं न्हाई." टॉवेलनं त्यांनी तोंड पुसलं. "लावा कुठं लावायची ती. पर कुनी नेलं, ते मला कळलं पायजे. त्याच दिशी."

मी खरं ते सांगितलं. "सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही. मेसेज वाचकाला जातो, देणगीदाराला नाही."

"माझ्या मोबाइलात हाय की सोय," मंगल म्हणाली.

असं ठरलं. पार्वताबाईंचं पुस्तक दिलं की नोंदीत त्यांचं नाव दिसणार आणि मंगल आण्णांना मेसेज टाकणार. वाचकालाही देतानाच सांगायचं, की हे आण्णांना कळवलं जाईल. मी हे ट्रेनिंगच्या वहीत नियम म्हणून लिहून दिलं. टेम्पो रिकामा परत गेला. तिसऱ्या कपाटाचं कुलूप आम्ही काढून ठेवलं. किल्ली मात्र आण्णांनी दिली नाही आणि आम्ही मागितली नाही.

तपासणीला जिल्ह्याहून साहेब आले तेव्हा मी मुद्दाम कोपऱ्यात बसले. त्यांनी मंगलला तीन-चार पुस्तकं शोधायला सांगितली. तिनं आधी स्क्रीनवर नंबर पाहिला, मग सरळ फळीकडे गेली. मारुतरावांचं नाव तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, पण तिनं ते गिळलं. साहेबांनी शेरा चांगला दिला. पुढं यथावकाश 'क' वर्गाचं पत्र आलं आणि सुप्याच्या त्या जागेवर मंगलची धाकटी जाऊ कामाला लागली.

मेसेजचं मात्र मला धड चाललं असं वाटत नव्हतं. मंगलचे सपोर्टसाठी फोन यायचे, ते निम्मे आण्णांबद्दलच असायचे. पहिला मेसेज गेला तो दहावीतल्या एका मुलीनं कथांचं पुस्तक नेलं त्याचा. आण्णा संध्याकाळी तिच्या दारात हजर. पोरगी घाबरली. तर यांनी विचारलं, "कितव्या गोष्टीवर आलीस?" आणि उत्तर ऐकून निघून गेले. मग हे रोजचंच झालं. पारावर, डेअरीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही वाचक गाठून विचारायचे, वाचलं का, कसं हाय. मुदतीच्या आत पुस्तकं परत येऊ लागली. बाकीच्या सहा घरांनाही मग मेसेज हवेसे झाले. सखारामबाबांच्या घरचे सगळ्यात आधी आले.

एकदा मी नव्या पुस्तकांच्या नोंदी तपासायला गेले होते. आण्णा आले आणि काउंटरपाशी उभे राहिले. "माझं कार्ड काढ," मंगलला म्हणाले. गावातला हा माणूस इतकी वर्षं वाचनालयात येत होता आणि सभासद नव्हता. कार्ड झालं. मग ते पहिल्या कपाटाकडे, म्हणजे सखाराम शेळक्यांच्या कपाटाकडे गेले, आणि एक जाड कादंबरी घेऊन आले.

"जेवायला वाढ म्हनलं तरी हे हातातनं सुटत नव्हतं तिच्या," ते म्हणाले. "काय हाय आत, ते बघतो."

मंगलनं पुस्तक त्यांच्या नावावर टाकलं. मग थोडी अडखळली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नियम म्हणजे नियम. तिनं मेसेज पाठवला. आण्णांच्या बंडीत फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून वाचला, की पार्वताबाईंच्या देणगीतलं पुस्तक आपण स्वतः नेलं आहे. सगळा वाचून परत खिशात ठेवला.

"बरं केलं कळवलं," ते म्हणाले आणि गेले.

आता मी कुठंही शिकवायला गेले की देणगीदाराचा रकाना आधी भरायला लावते, लेखकाच्याही आधी. का, ते विचारलं तर सांगते, टेम्पोचं भाडं वाचतं.

त्या कादंबरीची मुदत टळली. मंगलनं मला फोन करून विचारलं, आण्णांना दंड लावायचा का. मी म्हणाले, लावायचाच, आणि आधी त्यांना विचार कितव्या पानावर आहेत. तिनं विचारलं.

"निम्म्यावर," आण्णा म्हणाले. "ती दुपारची वाचायची, म्हनून मीबी दुपारचंच वाचतो."