पाठीतलं पाणी

चुडाव्यात बबिताला तोंडाळ म्हणतात, आणि ती आहेच. कुणाच्या लेकराला तापात झटका आला, मान ताठली असं कानावर पडलं की बाई त्या घरी हजर. आईबापांना फैलावर घेते आणि लेकरू रिक्षात बसेपर्यंत दारातून हलत नाही. तिला नावं ठेवणाऱ्यांनी आधी तिच्या सासऱ्यांचा प्रताप ऐकावा.

सासरे सिताराम, रेल्वेतले निवृत्त गँगमन. तरुणपणी त्यांनी अंगारा देणाऱ्या देवऋष्याला वस्तीबाहेर हाकललं होतं, ते अजूनही ऐटीत सांगतात. त्यामुळे बबिताच्या चार वर्षांच्या लेकाला, धम्मानंदला, तापात झटका आला तेव्हा गंडादोरा न शोधता घरच्यांनी थेट परभणीचा दवाखाना गाठला. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. डॉक्टरीणबाईंनी सलाईनमधून औषध सुरू केलं आणि सांगितलं, "मेंदूच्या आवरणाला सूज दिसतेय. पाठीत सुई घालून थोडं पाणी काढून तपासावं लागेल."

तिथं शहाणपण संपलं.

"पाठीचं पानी काढलं की लेकराचे पाय जातेत," सिताराम म्हणाले. "आमच्या गँगमधल्या एकाचा पोरगा तसाच लुळा पडला."

"तो आजारानं पडला आसंल, सुईनं न्हाई," बबिता म्हणाली. "मामा, लेकराची मान वाकंना. काढू द्या पानी."

डॉक्टरीणबाईंनीही तेच परोपरीनं समजावलं. बबितानं नवऱ्याकडे पाहिलं. दत्ता फरशीकडे बघत उभा. बापापुढे ब्र काढायची त्याची कधी छातीच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी औषधानं ताप उतरला आणि सितारामांना आयतंच फावलं. लेकरू बरं झालं म्हणत, डॉक्टरीणबाई नको नको म्हणत असताना, त्यांनी दत्ताला सही करायला लावून नातू घरी आणला. बबिता रस्ताभर भांडली.

"गप बस, लोक बघायलेत," एवढंच दत्ता बोलला.

घरी आल्यावर ताप परत चढला. लेकरू आईलाही ओळखेना. या वेळी बबितानं कुणाला विचारलं नाही. त्याला खांद्यावर टाकून ती एकटी परभणीला गेली, सही तिनंच केली. पाणी काढलं, नेमका आजार कळला आणि औषधाचा शेवटचा डोस होईपर्यंत ती खाटेजवळून हलली नाही. धम्मानंद वाचला. पायांना काही झालं नाही, अंगणभर धावतो.

कान मात्र गेले. दोन्ही.

"औषध मधेच तुटायला नको होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हापासून बबिताचा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नाही.

सिताराम आता दारात बसून खेळणाऱ्या नातवाला पाठीमागून हाका मारतात. तो वळत नाही. परवा त्यांनी सुनेला विचारलं, "आनखी मोठ्यानं मारली तर यील का गं त्याला ऐकू?"

बबिता भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मारा की मामा," ती म्हणाली. "रोज मारत जावा."