हिची नस चांगली आहे

"हिचा हात घ्या. हिची नस चांगली आहे."

मॅडम असं म्हणाल्या की मी ॲप्रनची बाही वर करायची. पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात, रक्त-लघवी तपासायच्या कोर्सच्या पहिल्या वर्षाला, हे रोजचंच झालं होतं. रक्त काढायला आम्ही एकमेकांवरच शिकायचो. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, नस शोधायची, सुई टोचायची. ज्याचं रक्त निघालं त्याने काढणाऱ्याच्या फाइलमध्ये सही करायची. नियम सगळ्यांना सारखा. लिहिलेला तरी सारखाच होता.

माझी जोडी प्राचीशी लागली. ती तिगावची, घरच्या संत्र्याच्या बागा. मी रामाकोन्याची, माझी आई तसल्याच बागांत तोडणीला जाते. पहिला महिनाभर आम्ही एका डब्यात जेवलो. मग स्कॉलरशिपची यादी नोटीस बोर्डावर लागली. आमच्या वर्गातलं त्यात माझं एकटीचं नाव, आणि नावापुढे जात. आम्ही बौद्ध. मी ते कधी लपवलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्राचीचा डबा दुसऱ्या बाकावर गेला.

त्याच आठवड्यात पहिलं प्रॅक्टिकल. प्राचीने माझं रक्त काढलं. मी सही केली. मग मी पट्टा हातात घेतला, तर ती उठून उभी राहिली.

"मॅडम, हिच्याकडून सुई नको ना. घरी माहीत पडलं तर कॉलेज बंद करून देतील माझं."

सगळा वर्ग ऐकत होता. मॅडम रागावल्या नाहीत, ना तिच्यावर ना माझ्यावर. मला म्हणाल्या, "तू सध्या बघून शीक. पुढच्या वेळी देऊ तुला."

पुढची वेळ आली नाही. कोणाचा उपास निघाला, कोणाला चक्कर येत होती. माझा हात मात्र सगळ्यांना चालला. कोपराजवळ काळेनिळे डाग पडले. डावा दुखला की उजवा पुढे केला. आणि खरं सांगते, लाज वाटते सांगायला, मला बरं वाटायचं. वाटायचं, आपण कामाला तर येतो. रक्त सगळ्यांचं सारखं, असं लोक भाषणात म्हणतात. मला ते तपासून बघता आलं नाही. दुसऱ्या कोणाचं रक्त माझ्या नळीत कधी आलंच नाही.

मग वरच्या मजल्यावरची, मीडियाचा कोर्स करणारी पोरं कॅमेरा घेऊन आली. त्यांना कॉलेजची जाहिरात करायची होती, त्याचे त्यांना मार्क मिळणार होते. कॅमेरावाला मला म्हणाला, "तुझा फक्त हात पाहिजे. चेहरा यांचा घेऊ." यांचा म्हणजे प्राचीचा. मी हात टेबलावर ठेवला आणि मान बाजूला घेतली. त्याने सांगायच्या आधीच घेतली.

तो व्हिडिओ सौंसरपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरला. घरी आईने तीनदा पाहिला. माझ्या मनगटावर लहानपणी चुलीने भाजल्याचा चट्टा आहे.

"हा तं तुया हात होय वं माय! तो चट्टा पाय," आई हरखून मला म्हणाली आणि बाबांनाही दाखवू लागली. मग एकदम थांबली. "मंग तुयं तोंड काहून नाही दाखोलं?"

आई व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागे नेऊन माझं तोंड शोधत राहिली. तेव्हा मला कळलं. वर्षभर सुई खाऊन जे कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं, आणि स्वतःचाच इतका राग आला की जेवण गेलं नाही.

परीक्षेआधी फायली जमा करायच्या होत्या. सगळ्यांच्या फाइलमध्ये माझ्या सह्या. माझी फाइल कोरी. मॅडम म्हणाल्या, "रक्त काढलं असं लिहून टाक ना. प्राची करून देईल सही."

प्राचीने लगेच पेन काढला. "दे इकडे, सगळ्या करून देते."

सही द्यायला तयार होती. हात द्यायला नाही. खोटी सही विटाळत नव्हती.

मी फाइल तिच्या हाताखालून ओढून घेतली. म्हटलं, "मी तुझं रक्त काढलंच नाही."

बाबा पंचायतीत चपराशी आहेत. ते म्हणाले, "घेऊन टाक सही, बाई. एक साल जाईल तुयं. कोन पायते?" ते चूक नव्हते. कोणी पाहिलं नाही. कोरी फाइल जमा केली, प्रॅक्टिकलला नापास झाले, स्कॉलरशिप थांबली. प्राची पुढच्या वर्षात गेली. मॅडम आहेत तिथेच आहेत. मी ऑफिसात तक्रारीचा कागद दिला होता, तो कुठे गेला कोणी सांगत नाही.

आता मी पुन्हा पहिल्या वर्षाला बसते, नवीन मुलांसोबत. यांच्यातलं कोणी मला हात देईल असं मला वाटत नाही. कदाचित हेही वर्ष जाईल. परवा पहिलं प्रॅक्टिकल झालं. मॅडमनी मला पाहिलं आणि नव्या पोरींना सांगितलं, "हिचा हात घ्या. हिची नस चांगली आहे."

मी बाही मनगटापर्यंत ओढून बटण लावलं. पट्टा उचलला आणि समोरच्या मुलीला म्हटलं, "आधी तुझा हात ठेव."

तिने ठेवला नाही. मीही ठेवला नाही. आता ठेवणारही नाही.