दुपट्ट्याखालचा हात

नामदेवचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी आधी ‘कार्सिनोमा लॅरिंक्स’ म्हटलं, मग सोपं करून सांगितलं: स्वरयंत्राचा कॅन्सर. ते काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मी घासाघीस सुरू केली. अर्धंच काढा, आधी रेडिएशनचा शेक देऊन पाहा.

“हा बाजार नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही पेशंटचे कोण?”

“भागीदार.” बैलांच्या धंद्यात ते खोटं नव्हतं.

नामदेव मला आष्टीच्या बाजारात भेटला. तिथे बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत. हातांवर दुपट्टा टाकून बोटांनी ठरवतात, पटला की पंजा दाबतात. त्या दिवशी सौदा फिसकटला, पण हात सुटला नाही. पुढे आम्ही आर्वीला एकाच घरात राहिलो. चारचौघांत मात्र त्याचा हात धरला तो दुपट्ट्याखालीच. मला माझीच लाज वाटायची, आणि ती मी गिऱ्हाइकांवर ओरडून काढायचो.

ऑपरेशनला सही रक्ताच्या माणसाची हवी होती. सेलूहून त्याचा मोठा भाऊ आला. इतक्या वर्षांत त्याने कधी विचारपूस केली नव्हती. सही करून खाटेजवळच्या स्टुलावर बसला, आणि मी व्हरांड्यात. हे मी विसरलेलो नाही.

ऑपरेशननंतर ‘ट्रॅकिऑस्टॉमी’ होती, म्हणजे श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र. त्यातली नळी साफ करायला नर्सबाईंनी मला शिकवलं. भावाला ते पाहवत नसे. तुमच्यावर ही वेळ आली तर हे काम लवकर शिकून घ्या. हात कामात असला की भीती कमी होते.

सुट्टी मिळाली त्या दिवशी भाऊ म्हणाला, “याले मी गावाले नेतो. तू काऊन थांबून राह्यला? हा तुहा कोण लागते?”

एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी सवयीने नामदेवपुढे हात केला, वर दुपट्टा टाकला.

नामदेवने दुपट्टा ओढून बाजूला फेकला. सगळ्या वॉर्डासमोर माझा पंजा दाबला आणि दाबूनच धरला.

भाऊही बैलजोडीवाला. त्याला कळलं.

“माह्या घरचा माणूस आहे,” मी म्हणालो. “घरी नेतो.”

भावावरचा राग गेलेला नाही, थकवाही नाही. नर्सबाईंचे उपकार मात्र फिटायचे नाहीत. घरात आता माझा एकट्याचाच आवाज असतो. भांडून जिंकलो तरी चव नाही. नळी धुऊन झाली की आम्ही ओट्यावर बसतो. रस्त्याने लोक जातात-येतात. दुपट्टा आत खुंटीवर असतो.