इरकलीची नाणी

मोबाइलवरच्या त्या खेळात अख्खं एक जग आहे. माणसं तिथं घरं बांधतात, लग्नं लावतात, नटायला कपडे विकत घेतात. त्या कपड्यांची चित्रं मी काढायचे. लोहाऱ्याला सासरी, दुपारी भांडी आवरली की फोनवर बोटानं इरकल रंगवायची. गर्द निळं अंग, लाल पदर, काठ नीट बसेपर्यंत परत परत पुसायचा. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका आपल्या बाहुलीला ती नेसवायच्या आणि मला नाणी द्यायच्या.

ही नाणी फुकटची नव्हेत. ती कंपनीकडून खरे पैसे मोजून घ्यावी लागतात. माझ्याकडं आली की कंपनी आपला वाटा कापते, आणि उरलेली ठरावीक आकड्याला पोचल्याशिवाय त्यांचे रुपये करून देत नाही. विकताना नाणं महाग, परत घेताना स्वस्त. आमच्याकडं आडतीवर हमाली-तोलाई कापतात, पण मालाच्या पट्टीचे पैसे तरी हातावर ठेवतात. तरी मी सोसलं. स्वतःच्या कमाईचा पहिला रुपया माझ्या खात्यात पडलेला मला बघायचा होता, बस्स.

दीड वर्षानं आकडा गाठला आणि कंपनीनं आधार मागितलं. तिथंच माशी शिंकली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. सासरी सगळे त्याच नावानं हाक मारतात, म्हणून खेळातलं खातंही मी त्याच नावानं उघडलेलं. आधार, बँक मात्र जळकोटच्या, माहेरच्या नावावर. कंपनीच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. माझं नाव बदलताना मला कुणी विचारलं होतं का? पण भुर्दंड माझ्याच माथी.

दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा सरकारी कागद महिन्याच्या आत द्या, नाहीतर खातं बंद, असा निरोप आला. लग्नाची नोंद आम्ही केलेलीच नव्हती. तहसीलसमोर अर्ज लिहून देणारा म्हणाला, "ताई, महिन्यात न्हाय व्हायचं हे." मी कंपनीला तीनदा लिहिलं. उत्तर आलं, या नाण्यांना खऱ्या जगात काही किंमत नाही, सबब तक्रार चालणार नाही. मेल्यांनो, विकताना किंमत होती, मग आता गेली कुठं?

नवरा म्हणाला, "मी बी खेळात खातं उघडतो, नाणी मला भेट म्हणून पाठव की. माझं नाव सगळीकडं एकच हाय."

असणारच. त्याचं कोण बदलणार? मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा दातओठ खात मी नाणी त्याला पाठवली. भेटीतूनही कंपनीनं वाटा कापलाच; महिनाभरात आणखी इरकली विकल्या होत्या म्हणून आकडा कसाबसा टिकला.

आठवड्यानं त्याच्या खात्यात पैसे पडले. सासूबाई गल्लीभर सांगून आल्या, "माज्या लेकानं फोनवर पैसं कमिवलं."

मी म्हटलं, "आत्याबाई, ती माझी कमाई हाय."

"व्हय गं, तुमचं काय येगळं हाय का?" असं म्हणत त्यांनी त्याला पाटावर बसवलं आणि मला मीठमोहऱ्या आणायला सांगितल्या. त्याला सगळं ठाऊक होतं. तो डोळे मिटून बसून राहिला. माझ्या कमाईवर त्याची दृष्ट निघाली. आणि मीठमोहऱ्या मुकाट्यानं आणून कुणी दिल्या, तर मीच.